कुंडीतल्या मोगऱ्याचा बहार धरताना

मोगऱ्याला कळी धरते ती नव्या फुटीच्या शेंड्यावर. जुनी काडी कितीही पानांनी भरलेली असो, तिच्यावर थेट फूल येत नाही. तिच्या डोळ्यातून नवा फुटवा निघावा लागतो, त्याला पानांच्या तीन-चार जोड्या याव्या लागतात, आणि मग शेंड्याच्या बेचक्यात कळ्या दिसतात. म्हणून “झाड हिरवंगार आहे, पण फुलत नाही” या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा जानेवारीत सापडतं. त्या महिन्यात झाडाला विश्रांती मिळाली नाही, छाटणी झाली नाही, की उन्हाळाभर इकडे एक कळी, तिकडे दोन, असंच चालतं.

विदर्भात संत्र्याचा आंबिया, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीतला, बहार धरतात तेव्हा आधी बागेचं पाणी तोडतात. डाळिंबवालेही तेच करतात. झाड ताणावर गेलं की वाढ थांबते, पानांनी तयार केलेलं अन्न नव्या पानांवर खर्च न होता काड्यांत साठतं, आणि पाणी मिळताच डोळे एकदम फुटतात. कुंडीतल्या मोगऱ्याला हीच रीत लागू पडते. कुंडीत तर ती अधिक हुकमी चालते, कारण पाणी किती द्यायचं हे पूर्णपणे आपल्या हातात असतं. क्रम मात्र सोडायचा नाही: ताण, छाटणी, खत, पाणी.

पुण्यातल्या एका गच्चीवर सहा कुंड्यांचा असा बहार धरला, त्याची ही हकीकत. सकाळी आठपासून दुपारी तीनपर्यंत थेट ऊन, म्हणजे उन्हाची अडचण नव्हती. (पाच तासांपेक्षा कमी थेट ऊन असेल, तर पुढचं सगळं नीट केलं तरी फुलं अर्धीच मिळतात, त्यावर खताचा इलाज नाही.) सहांपैकी तीन 14 इंची मातीच्या कुंड्यांत साधा दुहेरी मोगरा. त्यातल्या दोन लाल मातीच्या मिश्रणावर, आणि एक नुसत्या काळ्या मातीवर. दोन ग्रो-बॅगांत मदनबाण जातीचा मोगरा, मिश्रणात निम्म्याहून जास्त कोकोपीट. सहावी 10 इंची प्लास्टिकची कुंडी, तिच्यात बटमोगरा. काम एकच केलं, पण माती आणि भांडं बदललं की तेच काम किती वेगळं वागतं, ते या सहांनी नीट दाखवलं.

संक्रांतीला पाणी तोडलं. कुंड्यांवरचा पालापाचोळ्याचा थर काढून टाकला, म्हणजे माती लवकर सुकते. खालच्या ताटल्या आधीच काढलेल्या होत्या. ताटली राहिली आणि तिच्यात पाणी साचलेलं असेल, तर ताण बसतच नाही.

ताण किती दिवस, हा प्रश्न सगळे विचारतात, आणि त्याचं दिवसांतलं उत्तर चुकतं. उत्तर पानांवर वाचायचं. पहिली खूण अशी की दुपारी पानं मलूल होतात आणि संध्याकाळी पुन्हा ताठ होतात. ही नुसती सुरुवात. पुढे खालची पानं पिवळी पडून गळायला लागतात. ज्या दिवशी सूर्य उगवायच्या वेळीही पानं खाली मान टाकून असतात, तो दिवस पुरेसा. त्यापुढे ताणायचं नाही. खात्रीसाठी काडीवर नखानं बारीक ओरखडा काढावा; साल निघाल्यावर आत हिरवं ओलसर दिसलं तर झाड सुखरूप आहे. आत तपकिरी, कोरडं दिसलं तर त्या काडीचा ताण हाताबाहेर गेला, ती हिरव्या भागापर्यंत कापावी लागते.

लाल मातीच्या दोन कुंड्या नवव्या सकाळी या अवस्थेला आल्या. छोटी प्लास्टिकची कुंडी पाचव्याच दिवशी. काळ्या मातीला अकरा दिवस लागले आणि तिच्या कडेनं बोटभर भेगा पडल्या. भेगा पडल्या की बारीक मुळं तुटतात, म्हणून काळ्या मातीत वरचा दोन इंच थर खुरप्यानं मोकळा करून ठेवावा. म्हणजे भेग खोल जात नाही. ग्रो-बॅगांचं मात्र बाराव्या दिवशीही काही हलेना. वरून माती पांढरी, कोरडी, आणि चार इंच खाली बोट घातलं तर ओल. कोकोपीट पाणी धरून ठेवतं, आणि एकदा पूर्ण सुकलं की पुन्हा पाणी घ्यायला वेळ लावतं. वरून ओतलेलं पाणी कडेकडेनं खाली निघून जातं. ताणावर न्यायच्या झाडाला हे दोन्ही गुण वाईट. मोगऱ्याच्या मिश्रणात कोकोपीट पाचव्या हिश्श्याच्या वर नको, असं आमचं ठाम मत आहे.

एक वर्षाच्या आतलं रोप, नुकतंच कुंडी बदललेलं झाड, पिठ्या ढेकूण किंवा लाल कोळी या रस शोषणाऱ्या किडींनी खंगलेलं झाड यांना ताण द्यायचा नाही. त्यांची फक्त हलकी छाटणी करावी.

छाटणी ताणाच्या शेवटच्या दिवशी. सिकेटर धारदार हवं. बोथट पातं काडी चेचतं आणि चेचलेल्या टोकातून काडी खाली वाळत येते. दोन झाडांच्या मध्ये पात्यावरून स्पिरिटचा बोळा फिरवला. आधी वाळलेल्या, मग एकमेकींवर घासणाऱ्या आणि आत वळलेल्या, मग पेनातल्या रिफिलपेक्षा बारीक काड्या काढल्या. बारीक काडीला फूट येते, पण ती फूट कळी पेलण्याइतकी दणकट होत नाही. उरलेल्या जाड काड्या मातीपासून सव्वा ते दीड फुटावर कापल्या. काप डोळ्याच्या वर अर्धा सेंटिमीटर सोडून, तिरका. काप डोळ्याला चिकटला तर डोळा वाळतो, आणि फार वर ठेवला तर वरचा खुंट वाळून कुजतो. प्रत्येक झाडावर सात ते दहा काड्या राहिल्या.

आता ज्या गोष्टीला बहुतेकांचा हात धजावत नाही ती: उरलेली सगळी पानं काढून टाकली. जुन्या पानांच्या मागच्या बाजूला लाल कोळ्याची अंडी आणि पिठ्या ढेकणाची पिल्लं टिकून असतात, आणि पान असलेला डोळा सुस्त राहतो. पान खाली ओढलं तर सालीची पट्टी सोलून येते आणि डोळाही जातो. म्हणून पान शेंड्याच्या दिशेनं वर मोडायचं, किंवा देठ नखानं तोडायचा. काढलेली पानं कंपोस्टात न टाकता पिशवीत बांधून बाहेर. काम संपल्यावर कुंडीत नुसत्या काटक्या दिसतात. घाबरायचं कारण नाही.

मातीच्या कुंड्यांना त्याच दिवशी खत भरलं. वरची दोन इंच माती, तिच्यातल्या जाळीदार मुळांसकट, खरवडून काढली. तिच्या जागी प्रत्येक 14 इंची कुंडीला दोन मोठ्या ओंजळी, म्हणजे सुमारे अर्धा किलो, पूर्ण कुजलेलं शेणखत, 50 ग्रॅम निंबोळी पेंड आणि 20 ग्रॅम सिंगल सुपर फॉस्फेट एकत्र करून घातलं, वर थोडी नवी माती. 10 इंची कुंडीला याच्या निम्मं. शेणखत कुजलंय का, ते हातात घेऊन कळतं: मुठीत दाबलं तर लाडू होतो, उघडल्यावर मोडतो, आणि वास पावसाच्या मातीचा येतो. शेणाचा वास येत असेल तर ते अजून कच्चं आहे. कुंडीत ते तापतं आणि पांढरी मुळं जाळतं. मुळं खाणारी हुमणी अळीही त्यातूनच येते. चुलीची राख पुष्कळजण आवर्जून घालतात. कोकणातल्या आम्लधर्मी जांभ्या मातीत थोडी राख चालून जाते, पण पुण्यासारख्या ठिकाणी, जिथे मातीत चुनखडी आणि बोअरचं पाणी जड, तिथे राख म्हणजे आगीत तेल. कारण पुढे येईलच.

ग्रो-बॅगांची कामं वेगळी झाली. तिथे ताण नीट बसणार नाही हे दिसल्यावर झाडं बाहेर काढली. मुळांचा गठ्ठा बॅगेच्या आकाराचा झाला होता आणि तळाशी मुळं गोल गोल फिरलेली. बाजूनं आणि खालून दीड-दीड इंच गठ्ठा सुरीनं कापला, आणि नवं मिश्रण भरलं: दोन घमेली लाल माती, एक घमेलं शेणखत, अर्धं घमेलं जाड वाळू आणि दोन मुठी निंबोळी पेंड. वाळू जाडच हवी. बारीक वाळू मातीत बसून तिचा गिलावा करते आणि निचरा उलट कमी होतो. फांद्याही छाटल्या. मुळं कापलेल्या झाडाला लगेच उन्हात ठेवत नाहीत, त्यामुळे या दोघी आठ दिवस जिन्याच्या सावलीत राहिल्या. मुळांची ही छाटणी दर दोन वर्षांनी पुरते.

नवीन रोप आणणाऱ्यांसाठी इथेच एक सांगायला हवं. नर्सरीतून येणाऱ्या पुष्कळ रोपांच्या मुळाशी चिकट मातीचा घट्ट गोळा असतो. तो तसाच कुंडीत ठेवला तर कुंडीतली माती ओली आणि गोळा आतून कोरडा, अशी स्थिती होते आणि रोप महिन्या-दीड महिन्यानं मान टाकतं. गोळा अर्धा तास बादलीत बुडवून, बोटांनी बाहेरचा तिसरा हिस्सा हलकेच सुटा करून मगच लावावा.

ताण तोडतानाचं पहिलं पाणी हलकं असतं. बागायतदार त्याला आंबवणी म्हणतात, आणि त्यानंतरच्या भरपूर पाण्याला चिंबवणी. सुकलेल्या मुळांवर एकदम बादलीभर पाणी ओतलं तर कोरडी माती ते घेतही नाही आणि मुळं गुदमरण्याचा धोकाही असतो. 14 इंची कुंडीला पहिल्या दिवशी झारीनं एक लिटर, सावकाश. तिसऱ्या दिवशी तळाच्या भोकातून वाहेपर्यंत. त्यानंतर वाफसा पाहून. बोटाच्या दोन पेरांपर्यंत माती कोरडी लागली की पाणी, नाहीतर नाही. पानंच नसल्यामुळे झाड पाणी ओढत नाही, आणि याच पंधरा दिवसांत जास्त पाण्यानं सर्वात जास्त मोगरे कुजतात. काटक्या पाहून जीव कासावीस होतो आणि हात झारीकडे जातो. तो आवरावा.

अकराव्या दिवशी लाल मातीच्या कुंड्यांत डोळे फुगलेले दिसले, पोपटी टिपक्यांसारखे. दोन आठवड्यांत बहुतेक काड्यांवर फूट होती. काळ्या मातीतलं झाड आठवडाभर मागे, आणि मुळं कापलेली मदनबाणाची दोन झाडं दहा दिवस मागे. बटमोगरा सगळ्यात शेवटी हलला. त्या जातीची वाढच सावकाश, आणि तिला घाई करून उपयोग नाही.

फेब्रुवारीच्या शेवटी काळ्या मातीतल्या झाडाची नवी पानं पिवळी यायला लागली. पान पिवळं, शिरा हिरव्या, जणू पानावर कुणी हिरव्या पेनानं जाळी काढलीय. हा प्रकार पुणे, सोलापूर, नगर या बाजूला इतका सर्रास आहे की तो नीट ओळखणं भाग आहे. जुनी, खालची पानं सबंध पिवळी होऊन गळत असतील तर ती नत्राची कमतरता किंवा पानांचं म्हातारपण. कोवळी, वरची पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर झाडाला लोह मिळत नाही. मातीत लोह असतंच. पण चुनखडीमुळे माती अल्कधर्मी होते आणि त्या अवस्थेत लोह मुळांना घेता येत नाही. घरच्या घरी खात्री करायची तर कोरडी माती चमचाभर घ्यावी आणि तिच्यावर व्हिनेगर टाकावं. बुडबुडे उठले तर चुनखडी आहे. या कुंडीतली माती चांगलीच फसफसली. वर कुंडीच्या कडेला पांढरी खार जमली होती, ती बोअरच्या पाण्याची.

इथे लोक हिराकस (फेरस सल्फेट) आणून मातीत टाकतात. अशा मातीत ते काही दिवसांत निरुपयोगी होऊन बसतं, म्हणून पानांवर फवारणं बरं. एक लिटर पाण्यात आधी अर्ध्या लिंबाचा रस गाळून घातला, मग 3 ग्रॅम हिराकस. लिंबू आधी घालायचं कारण बोअरच्या जड पाण्यात हिराकस टाकलं की ते बघता बघता गंजासारखं तांबूस होतं, आणि तांबूस झालेलं पाणी फवारून काही मिळत नाही. हिराकसाचे खडेही फिकट हिरवे असावेत. पिवळट-तपकिरी झालेले घेऊ नयेत. फवारा संध्याकाळी, पानांच्या दोन्ही बाजूंनी. दर आठ दिवसांनी असे तीन फवारे. फरशीवर उडालेले थेंब लगेच पुसावे लागतात, डाग जात नाहीत. दुसऱ्या फवाऱ्यानंतर नव्या पानांत हिरवेपणा भरू लागला. पूर्ण पिवळी झालेली पानं मात्र शेवटपर्यंत तशीच राहिली. ही तात्पुरती मलमपट्टी आहे. कायमचं करायचं तर दोन वाटा. एक, चुनखडीच्या मातीतही टिकणारं ईडीडीएचए प्रकारातलं चिलेटेड लोह, कुंडीला 2 ग्रॅम पाण्यात विरघळवून मुळाशी आळवणी. हे महाग असतं, पण थोडंच लागतं. विकत घेताना पाकिटावर ईडीडीएचए लिहिलेलं पाहावं. ईडीटीए प्रकारचं लोह अशा मातीत टिकत नाही, ते फवारणीसाठीच ठीक. दुसरी वाट, पुढच्या जानेवारीत ती काळी माती बदलून टाकणं. आम्ही दुसरी धरली, आणि तोवर फवारे. पुरेशी निचऱ्याची, चुनखडी नसलेली माती मिळत असेल तर मोगऱ्याला काळी माती कुंडीत वापरूच नये.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात कळ्या दिसल्या. जवळून पाहण्यासारखी ही जागा आहे. फुटव्याच्या टोकाला पानांची शेवटची जोडी अर्धवट उघडलेली, आणि तिच्या बेचक्यात तीन हिरवे ठिपके, तांदळाच्या दाण्याहून लहान. मधला नेहमी पुढे असतो. आठ दिवसांत मधली कळी ज्वारीएवढी आणि बाजूच्या दोन्ही अजून कणीएवढ्या. प्रत्येक कळीच्या बुडाशी हिरव्या बारीक दातऱ्यांचं कडं असतं, आणि कळी पांढरी व्हायला लागते ती त्या कड्यातून वर येताना. मधली आधी उमलते, मग बाजूच्या. त्यामुळे एकाच शेंड्यावर चार-सहा दिवस फूल मिळत राहतं.

ज्या फुटव्याला पानांच्या सहा जोड्या होऊनही टोकाला कळी नाही आणि जो वेलासारखा लांबत सुटतो, तो वांझ समजावा. तिसऱ्या किंवा चौथ्या जोडीवर त्याचा शेंडा खुडला की बाजूनं दोन फुटवे येतात आणि त्यांना बहुधा कळी धरते. असे वांझ फुटवे फार निघत असतील तर नत्र जास्त झालंय किंवा ऊन कमी पडतंय. शेंगदाणा पेंडीचं पाणी दर आठवड्याला घालणाऱ्यांच्या कुंड्यांत हे हमखास दिसतं. पेंडीचं पाणी चांगलंच आहे, पण ते फूट वाढत असताना: 100 ग्रॅम पेंड एक लिटर पाण्यात तीन दिवस भिजवून, दहा पट पातळ करून, पंधरा दिवसांतून एकदा. ठिपक्याएवढी कळी दिसली की बंद. त्या वेळी झिरो-बावन्न-चौतीस (नत्र नसलेलं, स्फुरद आणि पालाशाचं विद्राव्य खत), लिटरला 3 ग्रॅम, एक फवारा. कळ्या ज्वारीएवढ्या झाल्यावर झिरो-झिरो-पन्नास (पालाशाचं विद्राव्य खत), तेही लिटरला 3 ग्रॅम, आणखी एक. याहून जास्त काही लागत नाही.

या दिवसांत पाणी चुकलं की कळ्या गळतात. जानेवारीत ज्या झाडाला नऊ दिवस कोरडं ठेवलं, तेच झाड आता एका दुपारीही सुकलं तर ज्वारीएवढ्या कळ्या टाकून देतं. रोज सकाळी, ऊन चढायच्या आत, तळातून वाहेपर्यंत पाणी. एप्रिलमध्ये पारा 38 च्या वर गेला की संध्याकाळी पुन्हा बोट घालून बघायचं. दोन इंच जाडीचं उसाच्या पाचटाचं आच्छादन पुन्हा घातलं. 10 इंची प्लास्टिकची कुंडी दुपारी हाताला चटका बसेल इतकी तापायची. तिच्याभोवती गोणपाट गुंडाळून ते ओलं ठेवल्यावर बटमोगऱ्याची कळीगळ थांबली.

कळीचे शत्रू दोन, आणि त्यांची गल्लत होते. पहिली कळी पोखरणारी अळी. ती बारीक भोक पाडते, आतल्या पाकळ्या खाते, आणि शेजारच्या दोन-तीन कळ्या धाग्यांनी एकत्र बांधते. असा गुंता दिसला की सबंध घोस खुडून साबणाच्या पाण्यात. दुसरी कळीमाशी, डोळ्याला जेमतेम दिसणारी. हिच्या कळ्यांना भोक नसतं. कळी बुडाशी फुगते, वाढ खुंटते, रंग जांभळट होतो आणि ती न उमलताच वाळते. अशी एक कळी ब्लेडनं उभी चिरून, भिंगातून पाहिली, तर बुडाशी सुईच्या टोकाएवढ्या पांढरट अळ्या वळवळत होत्या. या अळ्या पोसल्या की खाली मातीत उतरतात आणि तिथे कोष करतात, त्यामुळे नुसती कळी फवारून भागत नाही. जांभळट कळ्या रोज सकाळी वेचल्या, कुंडीतली वरची इंचभर माती खुरप्यानं हलवली आणि तिच्यात मूठभर निंबोळी पेंड मिसळली. शिवाय आठ दिवसांच्या अंतरानं दोनदा कडुलिंबाचं तेल: लिटरभर कोमट पाण्यात 5 मिली तेल आणि 2 मिली द्रवरूप साबण, सूर्य कलल्यावर. उमललेलं फूल दुसऱ्या दिवशी गुलाबी-जांभळट होतं, तो रोग नव्हे. मोगऱ्याचं फूल म्हातारं होताना तसा रंग धरतंच.

लाल कोळी एप्रिलच्या कोरड्या उष्णतेत येतो. पानाची चमक जाते, वर पांढरट बारीक ठिपके येतात, पान धुरकट दिसतं. पानाखाली पांढरा कागद धरून फांदी झटकली आणि कागदावर तांबडे कण चालू लागले, तर तोच. सकाळी पाण्याच्या नळीनं पानांच्या मागच्या बाजूवर जोरदार फवारा, एक दिवसाआड तीन वेळा, एवढ्यानं पुष्कळ काम होतं. न भागल्यास पाण्यात विरघळणारं गंधक, लिटरला 2 ग्रॅम, संध्याकाळी. भर उन्हात गंधक मारलं तर पानं भाजतात, आणि कडुलिंब तेलाच्या फवाऱ्यानंतर दोन आठवडे गंधक वापरायचं नाही. दोन्ही एकावर एक पडली तरी पानं जळतात. गजऱ्याच्या फुलांवर रासायनिक कीटकनाशक मारू नये, हे वेगळं सांगायला नको.

पहिलं फूल लाल मातीच्या कुंडीत मार्चअखेर उमललं. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात लाल मातीच्या दोन कुंड्या भरात होत्या, मदनबाण तिसऱ्या आठवड्यात. गजऱ्यासाठी कळी दुपारी चारनंतर खुडावी, पूर्ण पांढरी आणि फुगलेली, पण टोक मिटलेलं. बुडाशी हिरवट झाक असेल तर ती आणखी एक दिवस झाडावर राहू द्यावी, कारण तोडल्यावर ती उमलत नाही. ओल्या सुती फडक्यात गुंडाळून ठेवली की दिवेलागणीनंतर घरातच उमलते. देवासाठी पहाटे तोडावी.

एका शेंड्यावरची फुलं संपली की तो शेंडा पानांच्या दोन जोड्या सोडून खाली कापला. हे फुलं असतानाच रोज थोडं थोडं करत गेलं तर वेगळा दिवस काढावा लागत नाही. वाळलेलं फूल नुसतं चिमटून टाकणं पुरत नाही. नवा फुटवा हवा असेल तर काडीच कापली पाहिजे. प्रत्येक छाटणीबरोबर कुंडीला दोन मुठी गांडूळखत. पाच-सहा आठवड्यांत दुसरा बहार आला, मे संपता संपता. तो पहिल्यापेक्षा विरळ असतो. वळवाचा पाऊस पडला तेव्हा बटमोगऱ्याची फुलं भिजून तपकिरी झाली. गच्च पाकळ्यांत पाणी अडकतं, म्हणून ती कुंडी पावसाची चाहूल लागताच छपराखाली सरकवावी.

मृग लागला की फुलांपेक्षा वाढीवर झाडाचा भर जातो. पावसाळ्यात खत बंद, ताटल्या बंद, आणि तळाची भोकं मोकळी आहेत का एवढंच पाहायचं. याच दिवसांत दाबकलम करून घ्यावं. झाडाच्या बुडाजवळची, पेन्सिलीएवढी जाड, लवचीक काडी शेजारच्या भरलेल्या कुंडीत वाकवली. जिथे ती मातीला टेकत होती, तिथल्या पेराखाली सालीचा इंचभर तुकडा सुरीनं काढला, ती जागा दोन इंच खोल पुरली आणि वर विटेचा तुकडा ठेवला, म्हणजे काडी उसळत नाही आणि खालची ओलही टिकते. शेंडा बाहेर, काठीला सैल बांधलेला. गणपतीच्या सुमारास वीट उचलून काडी हळूच ओढून बघायची. सहज सरकली तर पुन्हा झाकून महिनाभर थांबायचं. ओढताना अडली तर मुळं धरली; आईकडची बाजू कापायची, पण कुंडी दोन आठवडे जागची हलवायची नाही.